एका अवयवाने मेलेली यंत्रे

टाकून दिलेले यंत्र बहुधा पूर्ण मेलेले नसते. वॉशिंग मशीन भंगारात निघते ते त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळतो म्हणून. मोटर, पाणी उपसणारा पंप, पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, स्टीलचा ड्रम, स्प्रिंगा आणि पुली त्या दिवशीही धडधाकट असतात. टीव्ही जातो तो पडदा तडकल्यामुळे, पण त्यामागचे दिवे आणि वीजपुरवठ्याचा बोर्ड जिवंत असतो. प्रिंटर तर कित्येकदा बिघडलेलाही नसतो. त्याच्या शाईची किंमत मालकाला परवडेनाशी झालेली असते. घरच्या वर्कशॉपसाठी फुकटचे सुटे भाग मिळवण्याची सगळी विद्या यावर उभी आहे. यंत्र कोणत्या अवयवाने मेले आणि आत काय शाबूत राहिले, हे ओळखता आले पाहिजे. ओळखीपाळखी, शोधाशोध आणि सामान आणायला गाडी या गोष्टी त्यानंतरच्या.

कुवेतच्या दक्षिणेकडचा अहमदी भाग या विद्येला फार अनुकूल आहे. अहमदी शहर तेलाने वसवले. बुरगानचे तेल १९३८ मध्ये सापडले, महायुद्धात काम थांबले, आणि १९४६ मध्ये तेलाचे पहिले जहाज भरून निघाले. त्याच सुमारास कुवेत ऑइल कंपनीने किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या उंचवट्यावर आपल्या नोकरदारांसाठी ही वसाहत आखली आणि तिला तेव्हाचे अमीर शेख अहमद अल-जाबिर यांचे नाव मिळाले. वसाहतीतली बसकी घरे, बागा आणि झाडांच्या रांगा आजही उरलेल्या कुवेतपेक्षा वेगळ्या दिसतात. पण भारतीयांची, आणि त्यातल्या मराठी कुटुंबांचीही, दाट वस्ती आहे ती त्याच प्रांतातल्या किनाऱ्यालगतच्या फाहाहील, मंगाफ, अबू हलिफा, महबुला या भागांतल्या बहुमजली इमारतींत. जुन्या वस्तूंचा खरा ओघ वाहतो तोही इथेच.

महाराष्ट्रात फुकटचे भाग मिळणे तसे अवघड. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, कुर्ल्याची भंगार गोदामे आणि गल्लीगल्लीत तराजू घेऊन फिरणारा भंगारवाला यांमुळे मोडक्या पंख्यालाही किलोचा भाव असतो. घरातली बाई दारात उभी राहून घासाघीस करते, आणि वस्तू पुढच्या हातात जाते ती पैसे घेऊनच. कुवेतमध्येही भंगाराचा व्यापार आहे. जहराच्या बाजूला अमघरा येथे मैलोगणती पसरलेल्या वखारी आहेत, त्यांना तिथल्या बोलीत ‘सिकराब’ म्हणतात. अल-राई भागातल्या शुक्रवारच्या बाजारात, म्हणजे सुक अल-जुमामध्ये, जुने फर्निचर, उपकरणे, हत्यारे यांचे ढीग लागतात. पण ही दोन्ही ठिकाणे अहमदीपासून दूर, राजधानीच्या पलीकडे किंवा तिच्या अंगाला. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून जुने वॉशिंग मशीन उतरवायला माणूस आणि न्यायला हाफ लॉरी करायची, तर तो खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त होतो. हाफ लॉरी म्हणजे घरसामान हलवणारी छोटी मालगाडी. आखातातल्या भारतीयांच्या तोंडी हाच शब्द आहे. तेव्हा मालकाला वस्तू विकण्यापेक्षा ‘कोणी घेऊन जा’ म्हणणे स्वस्त पडते.

दुसरे कारण लोकांच्या येण्याजाण्याचे. कुवेतच्या लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश परदेशी आहेत आणि त्यांचे राहणे नोकरीच्या कराराला बांधलेले असते. करार संपला की काही आठवड्यांत घर आवरावे लागते. दहा-पंधरा वर्षांचा संसार चार बॅगांत बसत नाही. फ्रिज, मिक्सर, सायकली, मुलांचे संगणक, एकदाच वापरलेले व्यायामाचे यंत्र मागे राहते. आधी ओळखीच्यांना विचारले जाते, मग इमारतीच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लागते, आणि शेवटच्या दोन दिवसांत उरलेले सामान हारिसच्या ताब्यात जाते. हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार. कोणता फ्लॅट कधी रिकामा होणार, कोणाचा एसी बदलला जाणार, तळघरात कोणाची अडगळ वर्षभर पडून आहे, हे सगळे त्याला ठाऊक असते. फुकटच्या भागांच्या शोधात या माणसाशी असलेली सलोख्याची ओळख कोणत्याही बाजाराहून मोलाची. हारिसने राखून ठेवलेल्या वस्तूचा मोबदला त्याला मिळावा हेही ओघानेच येते. चहा आणि दिनाराची एखादी नोट यांना तिथे कोणी लाच म्हणत नाही.

या ओघाला ऋतू आहेत. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष मार्चमध्ये संपते, तेव्हा कायमची परत जाणारी कुटुंबे घरे रिकामी करतात. दुसरी लाट जूनच्या सुट्टीआधी येते. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ्याच्या धास्तीने जुने एसी काढून नवे बसवले जातात. वाळवंटात तंबू ठोकण्याचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. तो सरला की मोडके जनरेटर, दिव्यांच्या माळा, तंबूचे लोखंडी पाइप आणि ताडपत्र्या बाहेर पडतात. कुवेतचा उन्हाळा हा भंगाराचा मोठा कारखानाच म्हणावा. जुलै २०१६ मध्ये मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, आणि ते आशियातल्या सर्वोच्च नोंदींमध्ये गणले जाते. अशा हवेत एसी महिनोन्महिने जवळजवळ अखंड चालतो आणि त्यातला दुबळा भाग आधी मान टाकतो.

तो दुबळा भाग बहुधा कंडेन्सर असतो. कॅपॅसिटर हा पुस्तकी शब्द, पण वायरमन कंडेन्सरच म्हणतात. कॉम्प्रेसरसाठी २५ ते ५० मायक्रोफॅरडचा आणि पंख्यासाठी दोन ते पाच मायक्रोफॅरडचा, असे हे अॅल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे नळकांडे. उष्णतेने ते फुगते, त्याची क्षमता घटते आणि मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. मालकाला वाटते मोटर जळाली. तंत्रज्ञही कधीकधी तेच सांगतो, कारण नवा एसी बसवण्यात त्याचा फायदा असतो. अशा काढलेल्या विंडो एसीची पंख्याची मोटर घरच्या वर्कशॉपला फार उपयोगी पडते. तिला दोन्ही बाजूंनी दांडा असतो, दोन-तीन वेग असतात, आवाज कमी असतो, आणि ती तासन्‌तास चालण्यासाठीच बनवलेली असते. सोल्डरिंगचा धूर ओढून घेणारा पंखा, लाकडाची धूळ गाळणारी पेटी, बाल्कनीतल्या रोपांवर हवा सोडणारा झोत हे सगळे तिच्यावर होते. स्प्लिट एसीच्या आतल्या भागातले लांबट नळीसारखे पाते तितकेच कामाचे.

एसीचे तांबे मात्र फुकट मिळेल अशी आशा धरू नये. तांब्याच्या नळ्यांना चांगला भाव असल्यामुळे ती तंत्रज्ञाचीच मिळकत समजली जाते. नळ्या स्वतः कापण्याच्या फंदातही पडू नये. आत दाबाखाली वायू असतो. जुन्या यंत्रांत आर-२२, ज्याचा वापर ओझोनच्या थरासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल करारानुसार जगभर घटवला जात आहे. नव्यांत आर-४१०ए, जो ओझोनला धक्का लावत नाही पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट आहे. फ्रिजच्या पाठीवर ज्वालेचे चित्र असेल तर आत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. वायू यंत्राने काढून घेणाऱ्याकडून तो काढवावा आणि मग उरलेल्या सांगाड्याला हात घालावा. फ्रिजचा कॉम्प्रेसर असा रीतसर सुटला की रंगफवारणीच्या छोट्या पेनाला हवा पुरवायला किंवा हवा ओढून निर्वात करायला चालतो, आणि बाजारच्या कॉम्प्रेसरपेक्षा पुष्कळच शांत असतो. काचेचे कप्पे, दाराच्या रबरातल्या चुंबकपट्ट्या आणि आतला लहान पंखा ही वरची मिळकत.

घरच्या वर्कशॉपसाठी सर्वांत मोठे घबाड म्हणजे ट्रेडमिल. बाहेर पन्नास अंशांत चालायला जाता येत नाही, म्हणून हौसेने ती घेतली जाते, दोन महिने वापरली जाते आणि मग तिच्यावर ओले कपडे वाळत पडतात. घर सोडताना ती कोणालाच नको असते, कारण तिचे वजन आणि आकार. घरगुती ट्रेडमिलमध्ये बहुधा दीड ते तीन अश्वशक्तीची डीसी मोटर असते, आणि तिचा वेग शून्यापासून हवा तेवढा वाढवता येतो. खराद, ड्रिल, धार लावण्याचा पट्टा अशा कामांना नेमकी हीच सोय लागते, आणि ती विकत घ्यायला जावे तर खिसा रिकामा होतो. मोटरसोबत वेग नियंत्रित करणारा बोर्डही काढून घ्यावा. एकावाचून दुसरे अर्धे. लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. बऱ्याच मोटरींचे जड चाक उलट्या आट्यांचे असते, त्यामुळे नेहमीच्या दिशेने जोर लावला की ते सुटण्याऐवजी आवळते. आणि मोटर उलटी फिरवली तर चालता चालता सैल होऊ शकते. दुसरे, या मोटरींना थंड ठेवणारा पंखा त्याच चाकाला जोडलेला असतो. चाक काढून टाकले आणि मोटर हळू वेगावर जड काम करत राहिली, तर ती तापून जळते. ट्रेडमिलच्या दोन्ही टोकांचे रूळ बेअरिंगसह निघतात, पट्ट्याखालची जाड गुळगुळीत फळी कामाच्या टेबलाचा माथा होते, आणि चौकटीचे चौकोनी पाइप वेल्डिंगला उत्तम. एवढे एकाच यंत्रातून दुसरीकडे कुठे मिळत नाही.

वॉशिंग मशीनच्या मोटरींत मात्र जात ओळखावी लागते. वरून कपडे टाकण्याच्या साध्या यंत्रात इंडक्शन मोटर असते. ५० हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेते, कंडेन्सर जोडला की मुकाट्याने चालते, आणि ग्राइंडरच्या दगडाला, पॉलिशच्या चाकाला अगदी योग्य. समोरून दार उघडणाऱ्या जुन्या यंत्रांत कार्बन ब्रशची मोटर असते. ती वजनाने हलकी आणि ताकदीने जबर, पण मोकळी सोडली तर वेग वाढतच जातो. अशी मोटर बाकावर ठेवून थेट २४० व्होल्टला जोडू नये. ती उड्या मारत हातातून निसटते. तिसरी जात ड्रमला थेट जोडलेल्या चपट्या मोटरीची, बाहेरून चुंबकांचे कडे आणि आत गुंडाळ्यांचे चक्र असलेली. ही हाताने फिरवली तरी वीज देते, म्हणून पवनचक्की करणारे जगभर तिच्या मागावर असतात.

प्रिंटर आणि स्कॅनर यांना हात लावताना मन लहान मुलासारखे होते, कारण आत सगळे नाजूक आणि नेमके. ठरावीक अंशांनी पावले टाकत फिरणाऱ्या स्टेपर मोटरी, आरशासारखे गुळगुळीत पोलादी दांडे, दातेरी रबरी पट्टे, कागद आला का गेला ते सांगणारे प्रकाशाचे संवेदक. छोटे कोरीवकामाचे यंत्र किंवा चित्र काढणारा हात करायचा तर दोन जुने प्रिंटर पुरतात. यंत्र जितके जुने तितका ऐवज चांगला. नव्या स्वस्त प्रिंटरांत स्टेपरऐवजी साधी डीसी मोटर आणि पोलादी दांड्याऐवजी वाकवलेला पत्रा सापडतो. संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा हा असाच फुकटात पडून असणारा ठेवा. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, लालमध्ये ५, नारिंगीमध्ये ३.३, काळी ती शून्याची. हिरवी तार काळीला जोडली की डबा संगणकावाचून सुरू होतो. जुने लॅपटॉप अडॅप्टर साधारण १९ व्होल्टचे, ते एलईडी आणि छोट्या मोटरींना पुरतात.

पडदा फुटलेल्या एलईडी टीव्हीतून निघणारी गोष्ट गणपतीच्या दिवसांत विशेष कामाला येते. पडद्यामागे दिव्यांच्या पट्ट्या आणि त्यावर प्रकाश एकसारखा पसरवणारे पांढरे पापुद्रे असतात. फुटकी काच सावकाश सोलून काढली की उरतो तो सावलीविरहित प्रकाशाचा चौकोन. बाल्कनी नसलेल्या फ्लॅटमध्ये खोटी खिडकी म्हणून तो लावता येतो, मूर्तीमागची प्रभाही त्याच्यावर होते. मखराची चौकट लाकडी खोक्यांच्या पट्ट्यांची, पाठीमागे हा प्रकाश, आणि नव्या उपकरणांच्या खोक्यांतून आलेला थर्माकोल कापून केलेली नक्षी, एवढे जमले की सजावटीचा खर्च रंगापुरताच उरतो.

लाकूड ही कुवेतमध्ये नेहमीच परदेशची वस्तू राहिली आहे. तेल सापडण्याआधी तिथल्या नावाजलेल्या लाकडी गलबतांसाठी सागवान मलबार किनाऱ्याहून येई, आणि त्या व्यापाराची नाळ मुंबईशी इतकी घट्ट होती की १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतचा व्यवहार रुपयांत चाले. आज लाकूड फुकट मिळते ते पॅलेटच्या रूपाने. देशात जवळजवळ सगळे जहाजाने येते, आणि येते ते पॅलेटवर. फरशीची, सॅनिटरी सामानाची, बांधकाम साहित्याची दुकाने मागच्या बाजूला रिकामी पॅलेटे रचून ठेवतात. विचारले तर मोडकी देऊन टाकतात. चांगल्या स्थितीतली मात्र पुरवठादाराकडे परत जातात, त्यांना हात लावू नये.

पॅलेट उचलण्यापूर्वी त्याच्या बाजूवर गव्हाच्या लोंबीसारखी खूण असलेला शिक्का पाहावा. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून हा आंतरराष्ट्रीय शिक्का मारतात. त्यातली दोन अक्षरे देशाची, पुढचा आकडा उत्पादकाचा, आणि शेवटची अक्षरे प्रक्रियेची. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले. ते बिनधास्त घ्यावे. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले; ते घरात आणू नये, जाळूही नये. तेलकट किंवा रसायनाचे डाग असलेले लाकूड शिक्का काहीही असो, तिथेच सोडावे. तेल आणि पेट्रोरसायनांच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी हे जास्तच पाळावे. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, ते उपटून निघत नाहीत. दोन फळ्यांच्या फटीत करवतीचे पाते घालून खिळे कापणे हा शहाणा मार्ग. पहारीने उचकटायला गेले की फळी चिरते, आणि दुपारभराच्या घामातून हाती येते ते जळण.

गाड्यांचे भाग पूर्व अहमदीतल्या गॅरेजांत आणि शुवेखच्या मोठ्या औद्योगिक वस्तीत मिळतात. काचेवरचा वायपर फिरवणारी मोटर १२ व्होल्टची, आत वर्मगिअर असलेली, हळू पण न थांबणारी. सरकते दार, कोंबडी भाजण्याचा गज, देखाव्यातले फिरते चक्र यांना दुसरी नको. दाराची काच वरखाली करणारी मोटरही त्याच कुळातली. अपघातात बाद झालेल्या गाडीतून या निघतात आणि मेकॅनिकला त्यांचे अप्रूप नसते. जुन्या मालगाड्यांच्या कमानी पाट्यांचे पोलाद शेतीच्या विळ्या-कोयत्यांना पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडचे लोहार वापरत आले आहेत. घरी भट्टी असलेल्यांना ते तिथेही मिळते. बॅटरी मात्र घेऊ नये. आतले शिसे आणि आम्ल यांचा घरात काही उपयोग नाही आणि तिला परत घेणारा व्यापार वेगळा आहे.

अहमदीत राहणाऱ्याला सर्वांत जास्त मोह होतो तो तेलकंपन्यांच्या भंगाराचा. कुंपणापलीकडे पाइप, व्हॉल्व्ह, केबलची लाकडी रिळे यांच्या राशी वर्षानुवर्षे दिसतात. त्या मालकीच्या असतात. कंपन्यांचे भंगार निविदा काढून विकले जाते, आणि फाटकाबाहेर काहीही न्यायला लेखी परवाना लागतो. साइटवरच्या साहेबाने ‘घेऊन जा’ म्हटले तरी परवान्याविना नेलेली वस्तू चोरीच ठरते, आणि ज्याचा व्हिसाच नोकरीवर उभा आहे त्याने एका व्हॉल्व्हसाठी तो पणाला लावणे हा शुद्ध वेडेपणा. शिवाय तेलविहिरीतल्या पाइपांना आतून जो कठीण थर चढतो त्यात जमिनीतून आलेले रेडियम साचू शकते. असा पाइप घासला, कापला किंवा वेल्ड केला तर ती धूळ श्वासातून शरीरात जाते. किरणोत्सर्ग डोळ्याला दिसत नाही, म्हणून तेलक्षेत्रातला अनोळखी पाइप कितीही सुबक असला तरी घरच्या वर्कशॉपचा नव्हे.

वाळवंटात पडलेल्या लोखंडाचीही तीच गोष्ट, वेगळ्या कारणाने. १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला विझवली गेली. त्या युद्धातले न फुटलेले दारूगोळे आणि सुरुंग मोठ्या प्रमाणावर काढले गेले असले, तरी वाळू सरकते आणि पुरलेले उघडे पडते. अर्धवट वाळूत रुतलेले नळकांडे पाहून ‘याचा दिवा छान होईल’ असे वाटले, तर त्याला हात न लावता जागा पोलिसांना कळवावी.

घरात आणल्यावर धोका आहे तो मुख्यतः मायक्रोवेव्ह ओव्हनचा. त्यातला ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्ट तयार करतो, आणि त्याला जोडलेला कंडेन्सर प्लग काढल्यानंतरही भरलेला राहू शकतो. या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची झाडे उमटवण्याचा खेळ जगभर लोकप्रिय झाला, आणि त्यात बरेच हौशी कारागीर जागच्या जागी मेले. ज्याला कंडेन्सर सुरक्षितपणे रिकामा करता येत नाही त्याने झाकण उघडूच नये. ज्याला येते त्याला आत काचेचे ताट फिरवणारी इवलीशी मोटर, पंखा, दाराचे तीन मायक्रोस्विच आणि दोन गोल चुंबके मिळतात. मॅग्नेट्रॉनमधला गुलाबी-पांढरा चिनी मातीसारखा भाग फोडू नये. काही बनावटींत त्यात बेरिलियमचे विषारी संयुग असते. जुन्या नळीच्या टीव्हीबद्दल बोलायचे तर त्यातून निघणारे काहीच आता त्या जोखमीच्या लायकीचे उरलेले नाही.

लॅपटॉपच्या बॅटरीत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे सेल असतात, त्यातले दोन-तीन मेले की सगळी बॅटरी बाद होते. उरलेले चांगले निघतात हे खरे. पण सेलवर व्होल्टेज अडीचच्या खाली गेलेले असेल, बाहेरचे आवरण फाटलेले असेल किंवा भरताना तो तापत असेल, तर त्याचा मोह सोडावा. उन्हात उभ्या गाडीत असे सेल ठेवण्याइतका मूर्खपणा कुवेतमध्ये दुसरा नाही.

फुकट मिळालेला प्रत्येक भाग तपासूनच वापरायचा. त्यासाठी आपल्याकडचा वायरमन जो सिरीज बोर्ड वापरतो त्याला तोड नाही: शंभर वॉटचा तारेचा बल्ब आणि तपासायची वस्तू एकामागे एक जोडलेली. मोटर शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण फ्यूज उडत नाही आणि घरातला एसी बंद पडत नाही. वाइंडिंग आणि मोटरची बॉडी यांच्यात मल्टिमीटरने काहीही जोड दाखवता कामा नये. कंडेन्सर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी खाली असेल तर टाकावा. बेअरिंग बोटाने फिरवून कानाशी धरावे. खरखर वाळूची असेल तर धुऊन ग्रीस भरले की सुधारते, खाचांची असेल तर नाही. बेअरिंगवरचा आकडाही वाचता यावा: शेवटच्या दोन अंकांची पाचपट म्हणजे आतल्या भोकाचा मिलिमीटरमधला व्यास, उदाहरणार्थ ६२०५ चे भोक २५ मिलिमीटरचे. ०४ च्या खाली हा हिशोब चालत नाही. ६२०३ चे भोक १७ चे असते.

यंत्राच्या पाठीवरची पाटीही वाचायची. कुवेतची वीज २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. भारताची २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फरक मोटरींना जाणवत नाही, बदलावा लागतो तो फक्त चौकोनी पायांचा तीन पिनांचा प्लग. पण १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे अमेरिकी उपकरणही या भागात अधूनमधून हाती लागते, आणि ते भिंतीला लावले की क्षणात धूर. स्थानिक हवेच्या खुणाही ओळखाव्यात. समुद्राजवळच्या फाहाहीलच्या इमारतींतून आलेल्या वस्तूंचे स्क्रू खारट दमटपणाने गंजून धरतात, तर आतल्या भागातल्या यंत्रांत तोझची, म्हणजे धुळीच्या वादळाची, पिठासारखी वाळू भरलेली असते. गच्चीवर दोन उन्हाळे काढलेले प्लॅस्टिक बिस्किटासारखे तुटते. त्यातून फक्त धातू काढून घ्यावा.

जागेचा प्रश्न शेवटी सगळ्यांना गाठतो. फ्लॅटमध्ये माळा नाही, अंगण नाही, बाल्कनीत ग्राइंडर लावला तर शेजारी तक्रार करतो. म्हणून सवय अशी ठेवावी की यंत्र मिळाले त्याच आठवड्यात खोलायचे, कामाचे अवयव चिठ्ठी लावून डब्यात घालायचे आणि सांगाडा हारिसमार्फत पुढे पाठवायचा. मोटरसोबत तिचे कंडेन्सर, स्विच आणि जोडणीचा मोबाइलवर काढलेला फोटो नसेल तर सहा महिन्यांनी त्या रंगीबेरंगी तारांचा अर्थ कोणालाच लागत नाही. भाग जमवून विकणे हा मात्र वेगळा व्यवहार. नोकरीच्या व्हिसावर आलेल्याला दुसरा धंदा करण्याची मोकळीक नसते. देणेघेणे ओळखीत आणि फुकट राहिले तर कोणाला काही विचारावे लागत नाही.

स्वतःचाच करार संपला की निवड पुन्हा करावी लागते. सुटे लिथियम सेल विमानाच्या चेक-इन सामानात चालत नाहीत, आणि जुन्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल हातातल्या बॅगेतूनही नेऊ नयेत. जड मोटरी आणि ट्रेडमिलचे पाइप नेणे वजनाच्या हिशोबात बसत नाही. स्टेपर मोटरी, पोलादी दांडे, बेअरिंग, मायक्रोस्विच, हार्डडिस्कमधली चुंबके एवढे बॅगेच्या कोपऱ्यात मावते, आणि विमानतळावर क्ष-किरण यंत्रापुढे बॅग उघडून दाखवायची तयारी ठेवली की झाले. बाकीचे डबे, त्यांवरच्या चिठ्ठ्यांसकट, हारिसकडे ठेवायचे.